खाजनाचे गाऱ्हाणे

पेडणे तालुक्यातल्या आमच्या गावाचे शेत दोन प्रकारचे आहे. डोंगराच्या पायथ्याशी गोडी शेते आहेत आणि खाडीच्या काठाने खाजन. खाजन म्हणजे भरतीच्या पातळीहून खाली असलेली जमीन. एका अंगाला खारे पाणी, दुसऱ्या अंगाला भात आणि दोहोंच्या मध्ये मातीचा बांध. बांधात एका जागी लाकडी झडपांचे दार असते, त्याला आम्ही मानस म्हणतो. ओहोटीला ते उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला बंद राखून खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, एवढेच त्याचे काम. परंतु ते चुकले, तर एका दुपारात सगळे पीक जाते.

माझी शेती नाही. फोंड्याकडच्या एका पाठशाळेत शिकून मी पुढे शाळेत संस्कृत शिकवले, आणि ग्रामदेवाची पूजा आमच्या घराकडे परंपरेने आहे म्हणून निवृत्तीनंतर तीच करीत आलो. खाजनाशी माझा संबंध आला तो पूजेच्या वाटेने. आमच्या गावात खाजन कसणाऱ्या कुळांची जी संघटना आहे, तिच्या सभा देवळाच्या मंडपातच भरतात. शिवाय गावाने एखादा मोठा निर्णय घ्यायचा झाला की देवापुढे गाऱ्हाणे घालून प्रसाद घेण्याची रीत आहे, आणि गाऱ्हाणे पुजाऱ्याने घालायचे असते.

काही वर्षांपूर्वी बांध फुटला आणि खाजन खाऱ्या पाण्याखाली गेले. जिथे लोंब्या डोलत, तिथे खारफुटी उगवली. पुष्कळ अर्ज-विनंत्यांनंतर मागच्या उन्हाळ्यात सरकारी खात्याने यंत्रे आणून बांध पुन्हा बांधला, मानशीला नवी झडपे बसवली. वैशाख सरता सरता गावापुढे एक साधा दिसणारा प्रश्न उभा राहिला: यंदा पेरायचे, की नव्या बांधाने एक पावसाळा काढलेला पाहून मग पेरायचे?

जो तो मनातून पेरायला तयार होता आणि जो तो दुसऱ्याकडे पाहत होता. कारण उघड होते. खाजन एकट्याने पेरता येत नाही. मानशीवर भरती-ओहोटीला माणूस हवा, बांधाला भोक पडले तर बुजवायला दहा हात हवेत. ज्याने पेरले नाही तो चिखलात कशाला येईल? म्हणून प्रत्येकाचे उत्तर एकच होते, की सगळ्यांनी पेरले तर मीही पेरतो. संघटनेच्या अध्यक्षांनी मोबाइलवरच्या समूहात प्रश्न टाकला, तेव्हा त्याला उत्तर म्हणून पुष्कळ अंगठे आले. अंगठा म्हणजे ‘पेरणार’ की नुसते ‘वाचले’, हे कोणालाच कळेना.

हे अध्यक्ष सरकारी बसवर कंडक्टर आहेत. म्हापसा-पेडणे मार्गावर आयुष्य गेल्यामुळे माणसांना पुढे सरकवण्याची त्यांना सवय. ते मला म्हणाले, “गुरुजी, ही सगळी लोकां दुसऱ्यान आधी चढाची वाट बघतत. गाडी रिकामी उभी, आनी स्टँडार गर्दी!”

परंतु एक माणूस असे होते, की ज्याला वाट पाहणे परवडणारे नव्हते. गावात सगळे तिला काकी म्हणतात, तिच्याहून वयाने मोठा असलेला मीसुद्धा. नवऱ्यामागे तिने एकटीने शेत सांभाळले. नव्याच्या सणाला खाजनातली पहिली कणसे देवाला वाहण्याचा मान तिच्या घराचा. बांध फुटला तेव्हा इतरांनी खाजनाकडे पाठ फिरवली. तिने मात्र गावाकडच्या उंच कडेवर, जिथे खारे पाणी क्वचितच चढे, दरवर्षी कोरगुट पेरले. कोरगुट हे आमचे खाजनातले जुने भात. दाणा तांबूस, भाताला थोडे मीठ सोसते. दुकानात मिळते ते बियाणे गोड्या जमिनीचे. खाजनात ते पिवळे पडून मरते. आसपासच्या गावांतलीही खाजने ओस पडली होती, त्यामुळे हे बी आमच्या भागात तिच्याच घरी उरले होते. गवताने आवळून बांधलेल्या मुड्यांमध्ये, चुलीच्या वरच्या माळ्यावर, कीड लागू नये म्हणून धुराच्या उबेत.

आणि बांध दुरुस्त करताना यंत्राने माती काढली ती नेमकी त्या उंच कडेची. तिथे आता खड्डा होता. म्हणजे बियाणे पेरायचे तर नव्या, न पारखलेल्या बांधाच्या भरवशावर खाजनात पेरायचे. बांध फुटला तर सगळे एकदम जाणार. न पेरावे तर जुने झालेले बी पुढच्या वर्षी धड रुजणार नाही. काकीच्या मुड्यांत सगळे खाजन जेमतेम पेरून होईल इतकेच बी होते. तिच्या घरी जे होते त्यावर साऱ्या गावाचे खाजन अवलंबून होते आणि ते गमावण्याची भीती मात्र तिच्या एकटीच्या वाट्याला होती.

ज्येष्ठात सभा भरली. बोलणे फार झाले, ठरले काहीच नाही. तेव्हा मानशीला लागून ज्याची शेतजमीन आहे तो ड्रायव्हर उठला. डिचोलीकडच्या खाणींवर तो ट्रक चालवतो. घरी असला तर रविवारी. तो म्हणाला, “कशाक येवढा बोलणा? देवाक विचारूया. प्रसाद उजवो इलो तर पेरूया, डावो इलो तर नाय. मग कोणी कोणाक दोष देवचो नाय.”

सगळ्यांना हायसे वाटले. कोणाला नको होता असा भार देवाच्या पायांशी ठेवला की झाले, असा सर्वांचा चेहरा झाला. अध्यक्षांनी पुढच्या सोमवारची सकाळ ठरवली.

आमच्याकडचा प्रसाद ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पिटकोळीच्या तांबड्या फुलांच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या मूर्तीवर उजव्या-डाव्या अंगांना चिकटवतात. मग पुजारी गावाच्या वतीने गाऱ्हाणे घालतो, म्हणजे अडचण काय, गावाचे म्हणणे काय, हे वाक्यावाक्याने देवाला सांगतो. प्रत्येक वाक्यानंतर थांबायचे, आणि जमलेल्यांनी एका स्वरात “होय महाराजा” म्हणायचे. त्यानंतर उजवी पाकळी आधी ढळली तर अनुज्ञा, डावी ढळली तर नकार. देवाचे उत्तर आम्ही निमूट मानतो. मी जन्मभर मानत आलो आहे.

मात्र आमच्या देवळात एक नियम आहे आणि तो माझ्या वडिलांनी मला मंत्रांच्याही आधी शिकवला. ज्याचे काही पणाला लागले आहे असा एक जरी माणूस “होय महाराजा” म्हणायचे राहिला, तर गाऱ्हाणे तिथेच थांबवायचे. पाकळ्यांकडे पाहायचेसुद्धा नाही.

त्या सोमवारी मंडप भरला होता. ड्रायव्हरही कामाला सुट्टी टाकून आला होता. मी स्नान करून, पाकळ्या लावून उभा राहिलो.

“देवा महाराजा, तुझ्या पायांशी आज तुझी लेकरे जमली आहेत.”

“होय महाराजा!”

“खाऱ्या पाण्याने खाल्लेले खाजन पुन्हा बांधाच्या आत आले आहे.”

“होय महाराजा!”

“तुझ्या गावाने असे योजले आहे, की गावात उरलेले सगळे बियाणे यंदा खाजनात पेरावे...”

आवाज उमटला, पण त्यात काहीतरी कमी होते. मी मागे वळलो. खांबाशी काकी पदर डोक्यावर घेऊन हात जोडून उभी होती आणि तिचे ओठ मिटलेले होते.

“काकी, ऐकूक नाय काय?” कोणीतरी हळूच म्हणाले.

“ऐकला. म्हणान गप आसंय.”

ड्रायव्हर हसला. “काय गो काकी, देवळात येवन देवाकच नाय म्हणतंस?”

“देवाक म्हणूक नाय रे. तुका म्हणतंय.” काकीने हात जोडलेलेच ठेवले. “बांध फुटलो तर तू खंय आसतलस? डिचोलीक. हो कंडक्टर शिटी मारीत फिरतलो. आनी माझा बियाणा खाडीत. तुम्ही देवाक काय विचारतास ता माका समाजला. फुटलो तर दोष कोणाचो, येवढाच विचारतास.”

“म्हातारे, शुभ बोल गे!”

“शुभच बोलतंय. बी म्हणजे शुभच मरे?”

मंडपात कुजबुज वाढली. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी गाभाऱ्यात गेलो, पाकळ्या मूर्तीवरून उचलून तबकात ठेवल्या आणि बाहेर येऊन म्हणालो, “आज प्रसाद नाही. प्रश्न अजून पुरा झालेला नाही.”

कोणतीही पूजा मंत्राने सुरू होत नाही, संकल्पाने होते. कोण, कुठे, कोणत्या काळी, कशासाठी आणि काय करणार, हे सगळे आधी स्वतःच्या तोंडाने उच्चारून मग हातातले पाणी सोडायचे. संकल्पात फळाची हमी नसते, कर्त्याची असते. गावाने देवापुढे आणलेल्या गाऱ्हाण्यात खाजन होते, बियाणे होते, देवही होता. कोण काय करणार एवढेच त्यात नव्हते. संकल्पावाचून आम्ही फळ विचारायला निघालो होतो. काकीने ते मौनाने दाखवले, आणि तिला ते दाखवता आले, कारण एका माणसाच्या मौनालाही थांबण्याचे ठिकाण ठेवणारी रीत आमच्या देवळात आहे. भर गर्दीत नाही म्हणायला फार धैर्य लागते. नुसते गप्प राहणे बहुतेकांना जमते.

लोक उठून जातील असे मला वाटले होते. पण सगळे तिथेच, थंड फरशीवर बसले. अध्यक्षांनी अंगातला कंडक्टर जागा केला. “चला, पुढे सरका. काकी, तुका काय होया ता सांग. एकदम.”

“सगळा बी मी देवचंय नाय. एक मुडी बाजूक काढतलंय. ती कोणाच्या तरी गोड्या शेतात पेरूची. खाजन गेला तरी मूळ रवात.”

“गोड्या शेतात पिकात काय ता?”

“ज्याका मीठ सोसता, त्याका गोडा सोसूचा नाय? कमी पिकात, पण जगात.”

गोड्या शेतात लोक बाजारचे भरघोस बी लावतात. तिथे कमी देणारे भात घालणे म्हणजे आपल्या घरचे कमी करणे. अध्यक्षांनी मान खाजवली आणि म्हणाले, “देवळाच्या मागचो माझो कोपरो घे. बायल बोलतली, ता मी ऐकतलंय. सवय आसा.”

एक मुडी बाजूला काढली म्हणजे खाजनातली तेवढी जागा रिकामी राहणार. ती कोणाची, यावर पुन्हा सगळे आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागले. आणि मानशीवरच्या पाळ्यांचा प्रश्न तर होताच. प्रत्येक घराने पाळी घ्यायची, असे काकीचे म्हणणे. ड्रायव्हरला ते शक्य नव्हते, हे सर्वांना ठाऊक होते.

तो बराच वेळ मोबाइल हातात फिरवत होता. शेवटी म्हणाला, “माका पाळी जमाची नाय. खोटा कित्याक बोलू? पण माझा शेत मानशीक लागून आसा. ता यंदा रिकामा ठेवा. थंय माती आनी चिरे आणून टाका. बांधाक भोक पडला तर माती आणूक डोंगरार धावचा लागाचा नाय. माती मी आणून घालतंय, गाडी आसाच.”

“पीक नाका तुका?”

“पीक सोडलंय, पाळी सुटली. हिशोब पुरो.”

“बघा, फुकट प्रवास करणारोसुद्धा काहीतरी देता,” अध्यक्ष म्हणाले, आणि त्या दिवशी प्रथमच मंडप हसला.

मग बाकीचे सोपे झाले. कोणत्या भरतीला कोणाचे घर, बांधाचा कोणता भाग कोणी पाहायचा, पणजीहून मोठ्या पावसाचा इशारा आला तर कोणी कोणाला सांगायचे, हे एकेकाच्या तोंडून वदवून घेतले गेले. अंगठ्यांनी जे झाले नव्हते ते झाले. पाऊस कसा पडेल, बांध टिकेल का, यांपैकी एकही गोष्ट आम्हाला सकाळपेक्षा अधिक कळली नव्हती. परंतु भरती चढली तर शेजारी कुठे उभा असेल, हे आता प्रत्येकाला ठाऊक होते. संघटना ही चीज याहून फार निराळी असते असे मला वाटत नाही. उद्याचे ज्ञान तिच्यापाशी नसते. उद्या आपण एकटे नसू, याची खात्री ती देते. आणि त्या खात्रीवर माणूस पुष्कळ काही करू शकतो.

दुसऱ्या सोमवारी मी पुन्हा गाऱ्हाणे घातले. ते लांबले, कारण त्यात आता प्रत्येक घराचे काम होते. “एक मुडी गोड्या शेतात राखून... मानशीलगतचे शेत मातीसाठी रिकामे ठेवून... घराघराने पाळी वाहून...” आणि शेवटी, “अशा रीतीने यंदा तुझे खाजन पेरण्यास तुझी अनुज्ञा आहे का?” काकीचा “होय महाराजा” इतरांत मिसळून गेला होता, मला तो वेगळा ओळखू आला नाही, आणि तसेच असायला हवे होते.

पाकळ्या ढळेनात. समयांच्या वाती मी दोनदा सारल्या. बाहेर कोणाचा तरी मोबाइल वाजला आणि दाबला गेला. कोणी बसले नाही, कोणी गेले नाही. डावी पाकळी ढळली असती, तर आम्ही ते वर्ष फक्त मुडीभर बी गोड्या शेतात पेरून काढले असते. तीही तयारी त्या संकल्पातच होती. म्हणूनच असेल, त्या ताटकळण्यात मला भीती जाणवली नाही. मग उजव्या खांद्यावरची पाकळी सावकाश सरली आणि देवाच्या चरणांवर पडली.

आषाढात पावसाने जमिनीतले मीठ धुतले. शेतातले पाणी बोटाने जिभेवर घेऊन काकीने चव पाहिली, थुंकून म्हणाली, “घाला,” आणि मोड आलेले बी खाजनात पडले.

श्रावणी अमावास्येच्या उधाणाला, वरून पाऊस आणि खालून भरती अशी दोन्ही पाणी भेटली. मी नैवेद्य दाखवून बाहेर येतो तो पायवाटेने माणसे खाजनाकडे चालली होती. धावत नव्हती, कामाला जातात तशी चालली होती. मानशीच्या डाव्या हाताला बांधातून पाणी झिरपू लागले होते आणि पाळीवरच्या घराने निरोप दिला होता. मी बांधाच्या टोकाशी छत्री घेऊन उभा राहिलो. माझा तिथे काही उपयोग नव्हता, पण घरी राहवले नाही. ड्रायव्हरच्या शेतातली माती टोपल्यांनी बांधावर येत होती, चिरे रचले जात होते. कोणी कोणाला हुकूम करीत नव्हते. अध्यक्ष गुडघाभर चिखलात उभे राहून केवळ सवयीने “सरका, सरका” म्हणत होते. काकी आपल्या घराच्या ठरलेल्या जागी बसून झडपेच्या फटीत गवताच्या पेंड्या कोंबत होती.

मध्येच अध्यक्षांचा मोबाइल वाजला. डिचोलीहून ड्रायव्हर होता. इतक्या मोठ्याने बोलत होता की मलाही ऐकू आले.

“बांध आसा मरे?”

“बांध आसा. तुझी माती गेली,” अध्यक्ष म्हणाले, आणि फोन शर्टाच्या आत टाकून टोपली घेतली.

ओहोटी लागेपर्यंत बांध राहिला. मानशीजवळच्या एका पट्ट्यात खारे पाणी शिरलेच. तिथले भात पुढे पिवळे पडले आणि तो पट्टा ज्या दोन घरांचा, त्यांना इतरांनी आपल्यातले द्यायचे, असे सभेत ठरले. बाकीचे खाजन पिकले. नव्याच्या सणाला काकीने पहिली कणसे आणली. तांबूस, थोडी आखूड, ओंजळभर. मी ती देवाच्या मस्तकी वाहिली.

कापणी-मळणी झाल्यावर काकीने संघटनेची सभा मागितली. स्वतःहून तिने सभा मागण्याची ती पहिलीच वेळ. मंडपात ती मुड्या घेऊन आली, घरागणिक एक, नव्या गवताने आवळलेल्या. खाजनातल्या आणि अध्यक्षांच्या कोपऱ्यातल्या दोन्ही पिकांचे बी त्यात होते. म्हणाली, “आता माझ्या एकटीच्या माळ्यार ह्या नाका. माझ्या घराक आग लागली तर?”

“शुभ बोल गे!” कोणीतरी पुन्हा म्हटलेच.

एकेका घराला हाक मारून तिने मुडी हातात दिली. ड्रायव्हरचे घर आले, तेव्हा तो मागे सरकला. त्या दिवशी रविवार होता, म्हणून तो होता. “माका कित्याक? मी यंदा पेरूकच नाय.”

“म्हणानच तुका. तुझा शेत फुडल्या वर्साक पेरूचा आसा.”

त्याने मुडी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि बाहेर उभ्या केलेल्या ट्रककडे निघाला. काकी पायऱ्यांपर्यंत त्याच्या मागे गेली.

“गाडीत ठेव नको हां. पयली घराकडे व्हर. चुलीच्या वयर ठेव.”

“आमच्याकडे गॅस आसा, काकी.”

काकी थांबली. मग मंडपाकडे वळून अध्यक्षांना म्हणाली, “कंडक्टरा, सभा मोडू नको. चूल कोणाकोणाकडे आसा ता आधी विचार.”